लग्न, बाळंतपण, नोकरी, वाटणी: घरात बदल झाला की आरोग्य विम्याच्या कागदावर काय बदलायचं

2019 च्या मार्चअखेर मी वाळूजमधली एक नोकरी सोडली. दुसऱ्या कंपनीत एप्रिलच्या मध्यावर रुजू व्हायचं होतं. मधल्या दिवसांत गावाकडं, औसा तालुक्यात, वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. जुन्या कंपनीचा विमा माझ्या शेवटच्या कामाच्या दिवशीच संपला होता. नव्या कंपनीचा अजून सुरू व्हायचा होता. मग रेशन कार्डावर सरकारी योजनेतून उपचार होतील म्हणून कार्ड शोधलं. तेव्हा कळलं, की चुलत्यांनी एकत्र कार्ड बदलून घेतलं तेव्हा आमची नावं त्यातून कमी झाली होती आणि आमचं वेगळं कार्ड काढायचं राहूनच गेलं होतं. घरात ठेवलेलं सोयाबीन मिळेल त्या भावात मोंढ्यावर घातलं, उरलेले पैसे दाजींनी दिले. वडील वाचले. पण त्या रात्री आमच्याकडं तीन कवचं असायला हवी होती आणि एकही नव्हतं, ते फक्त कागद वेळेवर हलवले नाहीत म्हणून.

तेव्हापासून ओळखीपाळखीतल्या कुणाच्या घरी लग्न, बारसं, नवी नोकरी असं काही असलं की मी विम्याचं विचारतो. तेच इथं सविस्तर लिहितो. ज्यांनी यातलं काहीच कधी केलेलं नाही, त्यांच्यासाठी.

आधी वही घ्या

कोणताही अर्ज भरण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव एका वहीत उतरवा आणि त्यापुढं तो आज कोणत्या कवचाखाली आहे ते लिहा. आपल्या मराठवाड्यात साधारण चार प्रकार सापडतात.

पहिला सरकारी योजनेचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. यातली फुले योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला नांदेड जिल्हा होता. पुढं मराठवाड्याचे सगळे जिल्हे शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत धरले गेले, म्हणून आपल्याकडं पांढऱ्या कार्डावरच्या शेतकऱ्यांनाही ती लागू होती. आता पिवळं, केशरी, पांढरं असा भेद न ठेवता राज्यातल्या सगळ्या कार्डधारकांसाठी ती खुली आहे. एका कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं.

दुसरा ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या कर्मचारी राज्य विम्याचा. महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असलेल्या कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. तिसरा कंपनीनं सगळ्या कामगारांसाठी मिळून काढलेल्या ग्रुप पॉलिसीचा. चौथा आपण स्वतः हप्ता भरून घेतलेल्या पॉलिसीचा.

वहीत लिहिताना रेशन कार्ड, आधार आणि पॉलिसी या तिन्हींवरचं नाव अक्षर न अक्षर तसंच उतरवा. एकावर "सुभद्राबाई", दुसऱ्यावर "सुभद्रा", तिसऱ्यावर आडनावच वेगळं, हे आपल्याकडं घरोघरी आहे. दवाखान्याच्या खिडकीवर सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीत जातो.

लग्न झालं

लग्नानंतर मुलीचं नाव एका घरातून दुसऱ्या घरात जातं, पण कागदावर ते आपोआप जात नाही. अनेक लेकींची नावं वर्ष-दोन वर्षं माहेरच्याच कार्डावर असतात. माहेरी कुणी कार्ड बदलून घेतलं की तिथून नाव जातं, सासरी चढलेलं नसतं, आणि ती कुठंच नसते. हे होऊ द्यायचं नसेल तर क्रम असा ठेवा.

लग्नाची नोंदणी 90 दिवसांच्या आत करा. गावात लग्न झालं असेल तर ग्रामपंचायतीतच होते. त्यानंतर माहेरच्या तहसीलमधल्या पुरवठा विभागातून नाव कमी केल्याचा दाखला काढा. तो दाखला, विवाह प्रमाणपत्र आणि आधार जोडून सासरच्या कार्डात नाव चढवायचा अर्ज द्या. जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रातूनही तो भरता येतो. नाव कमी करणं आणि चढवणं या दोन कामांत महिने जाऊ देऊ नका. माहेरचा दाखला हातात आला त्याच आठवड्यात सासरचा अर्ज टाका. कार्डात नाव आलं की आयुष्मान कार्डासाठी तिची नोंदणी करून घ्या, त्यासाठी आशाताई किंवा सेवा केंद्रातला माणूस मदत करतो.

आधारवरचं नाव बदलायचं की नाही हा तिचा निर्णय आहे, कायद्यानं सक्ती नाही. पण बदलायचं असेल तर विचार करून बदला, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आणि नाव जे ठेवाल ते सगळीकडं एकच ठेवा.

कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर लग्नाची सुट्टी संपवून कामावर गेलात की पहिल्याच दिवशी एचआरला मेल टाका. जोडीदाराचं नाव जोडायला कंपन्या ठरावीक दिवसांची खिडकी देतात, बऱ्याच ठिकाणी ती लग्नापासून 30 दिवसांची असते. ती हुकली तर पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. ईएसआय असेल तर मालकाकडून किंवा स्वतःच्या लॉगिनवरून जोडीदाराचं नाव कुटुंबात टाका.

बाळंतपणाचा विचारही लग्नाच्या वेळीच करा, हे मोकळेपणानं सांगतो. स्वतःच्या पॉलिसीत बाळंतपणाचा खर्च मिळायला पॉलिसीप्रमाणे नऊ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत थांबावं लागतं. दिवस गेल्यावर घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाच्या कामी येत नाही.

लेकरू आलं

जन्माची नोंद 21 दिवसांत केली तर फुकट होते. बाळाचं नाव ठरलं नाही म्हणून थांबू नका, नाव नंतर टाकता येतं, बारा महिन्यांच्या आत तर विलंब शुल्कही लागत नाही. जन्मदाखला हातात आला की त्याच्यावर रेशन कार्डात नाव, बाल आधार आणि विम्यात नोंद, तिन्ही कामं एकामागोमाग होतात.

ग्रुप पॉलिसीत बाळंतपण धरलेलं असेल तर बाळाला बहुतेक पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं, पण कळवणं तुमच्याकडं. स्वतःच्या फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे अख्ख्या घराच्या एकत्र पॉलिसीत, मात्र बघून घ्या: बाळ 90 दिवसांचं झाल्यावरच त्याला घेतात अशा पॉलिसी पुष्कळ आहेत. कमी दिवसाचं किंवा कमी वजनाचं लेकरू काचेच्या पेटीत ठेवावं लागतं ते याच 90 दिवसांत. म्हणून बाळंतपणाची जागा ठरवतानाच विचारा, की बाळाला काही झालं तर बिल कोण भरणार. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत, औषधं आणि गाडीसकट. छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडची विष्णुपुरी, अंबाजोगाई, लातूर इथली मेडिकल कॉलेजं त्यात येतात. पैसे असलेल्या माणसानंही हा पर्याय लक्षात ठेवावा असं माझं मत आहे.

बाळाचं नाव कार्डावर चढायच्या आधीच दाखल करावं लागलं तर जन्मदाखला, आई-वडिलांचं कार्ड आणि आधार घेऊन थेट दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात तो बसतो. घरी परत जाऊन "आधी कार्ड करून आणतो" म्हणू नका.

नोकरी बदलली, सुटली, पगार वाढला

याच्यावर सगळ्यात जास्त लिहितोय, कारण वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याला आणि त्याहून जास्त पुण्याला गेलेली आपली पोरं इथंच फसतात.

ग्रुप पॉलिसी नोकरीला बांधलेली असते. शेवटचा कामाचा दिवस संपला की तुमचं, बायकोचं, आई-वडिलांचं संरक्षण संपतं. राजीनाम्याचं पत्र देण्याआधी नव्या कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा: विमा रुजू झाल्या दिवसापासून आहे की प्रोबेशननंतर, आई-वडील धरलेत का, आणि त्यांच्या जुन्या आजारांचा खर्च मिळायला थांबावं लागतं का. आई-वडील धरायचे की सासू-सासरे, हे बऱ्याच कंपन्या फक्त रुजू होताना विचारतात. नंतर वर्षभर बदलता येत नाही.

जुनी ग्रुप पॉलिसी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमात आहे. त्याला मायग्रेशन म्हणतात. तुम्ही आधीच काढलेला थांबण्याचा काळ त्यात वजा होतो. साखर-बीपी असलेल्या माणसासाठी ही फार मोलाची सोय आहे आणि एचआर ती आपण होऊन सांगत नाही. नोकरी सोडायचं ठरलं की विमा कंपनीला मेल करून अर्ज मागवा, शेवटच्या दिवसाच्या आधी.

ज्यांना जमेल त्यांनी मात्र नोकरीत असतानाच, तब्येत धड असतानाच, स्वतःच्या नावची एक लहानशी पॉलिसी वेगळी घ्यावी. नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया अशा ठरलेल्या आजारांना बहुतेक दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त 36 महिने, ही मर्यादा 2024 मध्ये 48 वरून खाली आली. हे महिने कंपनीच्या जिवावर निघून गेलेले बरे. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली पॉलिसीच्या हप्त्यावरचा जीएसटीही निघाला आहे.

अर्जात साखर, बीपी, जुनं ऑपरेशन, तंबाखू, सगळं खरं लिहा. एजंट म्हणेल "नका लिहू, हप्ता वाढेल". पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की लपवल्याचं कारण काढून दावा नाकारता येत नाही, उघड फसवणूक सोडून. पण त्या पाच वर्षांच्या आत दवाखाना लागला तर जुने केसपेपर निघतातच.

ईएसआयचं गणित वेगळं आहे. पहिली नोकरी असेल तर एक विमा क्रमांक मिळतो आणि तो जन्मभर तोच चालतो. नव्या कंपनीत नवा क्रमांक काढू देऊ नका, जुना द्या. नाहीतर आधीचा हिशेब तुटतो. पगार 21,000 च्या वर गेला तरी त्या सहामाहीच्या शेवटापर्यंत तुम्ही ईएसआयमध्येच राहता. ज्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पैसे कापले, त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणून नोकरी सुटली म्हणजे त्याच दिवशी कार्ड मेलं असं धरू नका, शाखा कार्यालयात जाऊन आपला लाभकाळ कुठवर आहे ते विचारा. बढती मिळून ईएसआयमधून बाहेर पडणाऱ्यांनी ती सहामाही संपायच्या आत दुसरी सोय करावी. पगारवाढीच्या पेढ्यांत हे विसरून जातं.

निवृत्त होणाऱ्यांनाही एक गोष्ट कळवा: निदान पाच वर्षं ईएसआयमध्ये काढून वयोमानानं निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला 120 रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार पुढं चालू ठेवता येतात. 120 रुपये! कारखान्याच्या गेटवर निरोप समारंभाला शाल-श्रीफळ देतात, त्याच्यासोबत हा अर्ज द्यायला हवा.

हातात पैसा नसल्यानं स्वतःच्या पॉलिसीचा वार्षिक हप्ता चुकला तर 30 दिवसांची सवड असते. महिन्याचा हप्ता असेल तर 15. त्या आत भरलं तर काढलेले महिने बुडत नाहीत. पण वार्षिक हप्त्याच्या त्या मधल्या दिवसांत दवाखाना लागला तर खर्च मिळेल हे धरून चालू नका.

वेगळं निघणं आणि गाव सोडणं

विम्याची माहितीपत्रकं लग्न-जन्म सांगतात, वाटणी सांगत नाहीत. आपल्याकडं मात्र भाऊ वेगळे होतात, सातबारा फुटतो, चूल वेगळी होते आणि रेशन कार्ड वर्षानुवर्षं एकच राहतं. 5 लाखांची मर्यादा कुटुंबाला आहे. एका कार्डावर तीन भावांची बिऱ्हाडं असली तर एकाच्या मोठ्या ऑपरेशननंतर त्या वर्षी बाकीच्यांना फारसं उरत नाही. चूल वेगळी झाली की विभक्त कार्डाचा अर्ज द्या. आणि जुन्या कार्डातून नाव कमी होतं त्याच वेळी नवं कार्ड निघतंय याची खात्री करा. आम्ही नेमके इथंच चुकलो.

बीड, धारूर, केज, पाथरी भागातून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीला निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. गाडीत बसण्याआधी जोडीचं आणि लेकरांचं आयुष्मान कार्ड काढून घ्या. ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या योजनेतल्या दवाखान्यांतही चालतं. कर्नाटकात जाणाऱ्यांनी तिथं चालेल का, हे निघण्याआधी विचारून घ्यावं. मूळ रेशन कार्ड गावात म्हाताऱ्या माणसांपाशी ठेवा, त्यांना लागेल. आपल्याजवळ फोटो आणि आधार ठेवा, कार्डाचा नंबर मुकादमाकडंही लिहून द्या. फडात विळी-कोयता लागला, साप चावला, तर आधी दवाखान्यात दाखल व्हा. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी मिळते, कागद मागून देता येतात.

पुण्या-मुंबईला स्थायिक होणाऱ्यांनी स्वतःच्या पॉलिसीतला "झोन" बघावा. लातूर-परभणीच्या पत्त्यावर घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता कमी असतो, पण काही पॉलिसींत महानगरात उपचार घेतले तर बिलाचा ठरलेला भाग तुम्हाला सोसावा लागतो. पत्ता बदलून घ्या, हप्ता थोडा वाढेल. उलटही बघा: पोरगं पुण्यात, आई-वडील जिंतूरला, अशी पॉलिसी असेल तर जिंतूर-परभणीत कॅशलेस (खिशातून पैसे न भरता, बिल थेट विमा कंपनी भरते असा) दवाखाना कोणता ते हप्ता भरण्याआधी तपासा. कंपनी पटत नसेल तर पोर्टेबिलिटीनं दुसरीकडं जाता येतं, काढलेले महिने सोबत येतात. त्यासाठी नूतनीकरणाच्या 45 दिवस आधी अर्ज द्या.

आई-वडील सत्तरीला आले

ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. घरातल्या अशा सगळ्या ज्येष्ठांच्या मिळून वाट्याला वर्षाला 5 लाख रुपये. घरातल्या कार्डावर आधीच योजना चालू असेल तरी हे 5 लाख त्याहून वेगळे, त्यात तरुणांचा वाटा नाही. खासगी पॉलिसी किंवा ईएसआय असलं तरी हे कार्ड काढता येतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा माजी सैनिकांची योजना असेल तर दोन्हींतलं एक निवडावं लागतं.

नोंदणीला फक्त आधार आणि मोबाईल लागतो. अडचण आधारवरच्या जन्मतारखेची आहे. आपली म्हातारी माणसं "रझाकाराच्या धामधुमीत जन्मले" एवढंच सांगतात. नोंदणी करणाऱ्यानं अंदाजानं साल घातलं आणि 1 जानेवारी टाकलं. रझाकाराच्या वेळची, म्हणजे 1948 च्या आसपासची, आजी आधारवर पासष्टची निघाली तर तिला हे कार्ड मिळत नाही. जन्मतारीख आधारवर एकदाच दुरुस्त होते, म्हणून पक्का पुरावा हातात असल्याशिवाय अर्ज टाकू नका. आजी आजारी पडायची वाट न बघता, सत्तरी जवळ आली की आधार काढून बघा.

घरातलं माणूस गेलं, किंवा नातं तुटलं

या दिवसांत कागदाचं कुणी बोलू नये असं वाटतं, तरी मृत्यूची नोंद 21 दिवसांत करावीच लागते. पॉलिसी वडिलांच्या नावची असली तरी ते गेल्यावर आईचं संरक्षण लगेच संपत नाही. विमा कंपनीला मृत्यूचा दाखला देऊन प्रस्तावक म्हणून, म्हणजे पॉलिसी ज्याच्या नावावर असते त्या जागी, आईचं किंवा मुलाचं नाव लावून घ्या आणि पुढचा हप्ता चुकवू नका. वडिलांच्या शेवटच्या आजाराचं बिल घरच्यांनी भरलं असेल तर तो दावा नॉमिनीला मिळतो. बाहेर माणसं बसलेली असतानाही डिस्चार्ज कार्ड आणि मूळ बिलं एका पिशवीत घालून ठेवा.

घटस्फोटात बाईनं सगळ्यात आधी स्वतःचं वेगळं रेशन कार्ड आणि स्वतःची पॉलिसी बघावी. जुन्या फ्लोटरमधून वेगळी पॉलिसी मागितली तर काढलेले महिने तिलाही मिळतात, हे मागून घ्यावं. कमावता झालेला, साधारण पंचवीस ओलांडलेला मुलगा फ्लोटरबाहेर पडतो, त्यालाही हाच नियम.

अडलं तर

योजनेतल्या दवाखान्यानं पैसे मागितले किंवा आरोग्यमित्र सापडला नाही, तर तिथूनच 155388 ला फोन लावा. आयुष्मानसाठी 14555. खासगी पॉलिसीत कॅशलेसच्या मागणीवर कंपनीनं एका तासात निर्णय द्यायला हवा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं अर्ज करा, 30 दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडं, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जा, मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. वकील लागत नाही, फी नाही. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाचा (आयआरडीएआयचा) मदतीचा नंबर 155255 आहे.

आमच्या घरी आता ती वही देवघराशेजारच्या कोनाड्यात असते. मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीचं नाव सासरच्या कार्डावर चढलं, तेव्हा वडिलांनीच तिच्या नावापुढं तारीख लिहिली.